पुरूफअण्णा

कुंभारवाडा गावाच्या आसपासच्या वाड्यांत कुणी नवा फोन घेतला की दोन-चार दिवसांत त्याच्या अंगणात एक म्हातारा माणूस येऊन उभा राहत असे. पांढरा लेंगा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं आणि जाड पुठ्ठ्याची एक अरुंद पट्टी. पाणी मागून प्यायचा, भाताची चौकशी करायचा आणि मग विचारायचा, "फोन जरा बगू?"

फोन हातात आल्यावर तो कॅमेरा बघायचा नाही की किंमत विचारायचा नाही. आपल्या फोनमधून एक फाइल त्यात पाठवायचा, ती उघडायचा, पट्टी पडद्यावर आडवी धरायचा आणि एका शब्दाशी येऊन थांबायचा. शब्द नीट दिसला तर "हां" म्हणायचा. नाही दिसला तर वहीत लिहून घ्यायचा, फोन दोन्ही हातांनी परत द्यायचा आणि पुढच्या घराकडं निघायचा. पट्टी धरताना अंगठा पडद्याला लागे आणि पान उलटून जाई. मग सगळं पहिल्यापासून. मी त्यांना कधी त्या फोनवर चिडलेलं पाहिलं नाही.

त्यांचं नाव दामोदर. बेळगावच्या एका छापखान्यात त्यांनी उभं आयुष्य प्रुफं तपासण्यात घालवलं होतं. छापखाना बंद पडला तेव्हा बायकोच्या माहेरी, म्हणजे आमच्या वरच्या वाडीत, तिच्या वाट्याच्या घरात दोघं येऊन राहिली. दोन वर्षांत बायको वारली. बेळगावची मुलगी बोलवत होती, पण अण्णा गेले नाहीत. "हितं झोप लागती," एवढंच कारण ते सांगत. वाडीतल्या म्हाताऱ्या बायका त्यांना 'जावय' म्हणायच्या, कारण ते गावचे जावई. बाकी सगळ्यांचे ते पुरूफअण्णा. बोलताना ते स्वतःही 'पुरूफ'च म्हणायचे. लिहिताना मात्र 'प्रूफ', उकार दीर्घ.

मी तेव्हा तिथल्या मराठी शाळेत शिकवत होते. मी रुजू झाले त्याच आठवड्यात ते शाळेत आले आणि पायरीवरूनच म्हणाले, "बाई, एक विचारू? ती पाण्याच्या टाकीवरची अक्षरं पेंटरनं लिहिली की शाळेनं सांगितली?"

टाकीवर 'पिन्याचे पाणी' असं लिहिलं होतं. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. मी म्हटलं, "पेंटरनंच लिहिलं असेल."

"मग मी हात लावू का?"

दुसऱ्या दिवशी ते बारीक ब्रश आणि निळ्या रंगाची डबी घेऊन आले. स्टुलावर चढून त्यांनी 'न'चा 'ण' केला, तोही पेंटरच्या वळणाचा. दोन वेगळ्या हातांचं काम आहे हे कुणाला ओळखू येऊ नये असा. खाली उतरून म्हणाले, "पिन्याचं पाणी पिऊनबी तहान भागती. पण पोरं रोज हितनं जातात."

असा माणूस गावाला तापदायक होऊ शकतो. अण्णा झाले नाहीत, कारण त्यांनी बोलण्यातली चूक कधी काढली नाही. आमच्या वाड्यांत मराठी, कोंकणी, कानडी एकाच वाक्यात नांदतात. नव्या शिक्षकांनी मुलांच्या 'न्हाई'ला हसलेलं त्यांना खपायचं नाही. "बोलणं हे बोलणं, छापणं हे छापणं," ते म्हणत. "आणि बोललेलं छापायचं असंल तर जसं बोललं तसंच छापायचं. त्यात आपलं शहाणपण घालू नये."

वाचायची त्यांची तऱ्हा वेगळी होती. महत्त्वाचा मजकूर ते उलटा वाचत, शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडं. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "अर्थ लागला की डोळा फसतो, बाई. मन पुढचं वाचून घेतंय. उलटं वाचलं की हर एक शब्द एकटा सापडतो."

त्यांच्या हातून एक पुस्तक झालं, त्याची ही गोष्ट आहे. पुस्तक त्यांचं नव्हतं, शेवंतीअव्वाचं होतं.

शेवंतीअव्वा वरच्या वाडीची, सत्तरीच्या पुढची. आमच्या भागात रानात किती तऱ्हेचे कंद मिळतात, कुठला कधी खणायचा, कुठला भाजायचा, कुठला उकडायचा आणि कुठल्याला हात लावायचा नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तिला लिहितावाचता येत नव्हतं. बायकांच्या मंडळानं ठरवलं की अव्वानं सांगावं, बाईंनी लिहून घ्यावं आणि त्याची पुस्तिका करावी. छापण्यापेक्षा फोनवर वाचता येईल अशी करावी, कारण फोन आता घरोघरी होते आणि गोव्याला कामाला गेलेल्या सुनांनाही ती पाठवता आली असती. मी एक उन्हाळाभर अव्वाच्या ओसरीवर बसून लिहून घेतलं, शाळेच्या लॅपटॉपवर टाइप केलं. प्रुफं अर्थातच अण्णांनी पाहिली. चार वेळा, दोनदा सुलटी आणि दोनदा उलटी. पाचव्या वेळी कागदावर एकही खूण न करता म्हणाले, "झालं. आता ह्यात चूक न्हाई."

त्या आठवड्यात मी पहिल्यांदा फाइल पाठवली आणि मंडळातल्या एका बाईनं पाणवठ्यावर पहिलंच वाक्य मोठ्यानं वाचलं: "आमचा गाव दर्याखोर्यांतला." सगळ्या हसल्या. एक म्हणाली, "दर्या तिकडं कारवारला. आमच्याकडं कधी आला?"

अण्णांपर्यंत ते गेलं. संध्याकाळी ते माझ्याकडं आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. छापील प्रत काढून त्यांनी पहिली ओळ दाखवली. 'दऱ्याखोऱ्यांतला' असंच होतं. मग त्या बाईचा फोन दाखवला. तो ते मागूनच घेऊन आले होते. तिथं 'दर्या' होता.

"बाई, चूक कुठं हाय सांगा."

"चूक नाही, अण्णा. फाइल बरोबर आहे. तो फोन जुना आहे, त्यातल्या ॲपला हे अक्षर जुळवता येत नाही."

"म्हंजे कागदावर न्हाई."

"नाही."

"तुमच्यात न्हाई, माझ्यात न्हाई."

"नाही."

"मग दुरुस्त कुठं करायची?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि तोच शब्द पुन्हा पाहिला. चाळीस वर्षं ज्या माणसानं चूक शोधून तिच्यावर बोट ठेवलं होतं, त्याला पहिल्यांदाच अशी चूक भेटली होती जी दिसत होती पण कुठंच नव्हती.

तिथून त्यांचं फोन बघत हिंडणं सुरू झालं. वहीत एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला फोन, पुढं काय दिसलं ते. त्यातून हळूहळू आम्हाला जे कळलं ते असं. 'ऱ्या' हे अक्षर दोन तऱ्हांनी टाइप करता येतं. एका तऱ्हेनं केलं तर काही फोनांत नीट दिसतं आणि बाकीच्यांत 'र्या' होतं. दुसऱ्या तऱ्हेनं केलं तर त्या बाकीच्यांत नीट आणि पहिल्यांत मध्येच पाय मोडलेला, खाली टिंब असलेला एक भलताच 'र' उभा. एकदोन अगदी जुन्या फोनांत तर चौकोनच. तिथं वेलांट्याही जागा सोडत आणि 'दिवस'चा 'दविस' होई. अक्षरांचा साचा, म्हणजे फॉन्ट, फाइलबरोबरच जोडून पाठवून पाहिला. काही ॲपनी घेतला, काहींनी बघितलासुद्धा नाही. नवं ॲप घालायला गेलं तर फोन सांगायचा, हे या फोनवर चालणार नाही.

"पीडीएफ करू," मी म्हटलं. "ती फोटोसारखी असते. जशी छापली तशीच सगळीकडं दिसते."

ती केली. अक्षर खरंच कुठं फुटलं नाही. पण वाडीतल्या बायकांना ते किडामुंगीसारखं दिसू लागलं. मोठं करावं तर ओळीचं शेपूट पडद्याबाहेर जायचं. बोटानं पान इकडं ओढा, तिकडं ओढा, ओळ हरवून जायची. ज्यांच्यासाठी पुस्तक केलं त्या सगळ्या चाळिशीच्या पुढच्या. आधीच्या फाइलमध्ये अक्षर हवं तेवढं मोठं होत होतं आणि ओळ आपोआप वळत होती, पण फुटत होतं. ह्यात फुटत नव्हतं, पण वाचता येत नव्हतं.

अण्णांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी आले. "बाई, एक वाट हाय. मला आवडत न्हाई, पण हाय. जे अक्षर फुटतंय ते वापरायचंच न्हाई. तो शब्द काढून दुसरा घालायचा."

"मग घालू या की."

"तुमी घालायचा न्हाई. मीबी न्हाई. ज्येचे शब्द त्येलाच विचारायचं."

ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्याच्या मजकुरातला शब्द हलू दिला नव्हता, त्याला हे किती जड गेलं असेल ते मला तेव्हा पुरतं कळलं नाही. पुस्तकात असे शब्द अठ्ठावीस निघाले. ते त्यांनी एका कागदावर उतरवले आणि आम्ही दोघं शेवंतीअव्वाकडं गेलो.

अव्वा अंगणात कोकमाची सोलं उलटीपालटी करत होती. अण्णा ओसरीच्या कडेला बसले. "अव्वा, तुमी सांगितलेलं फोनात फुटतंय," ते म्हणाले.

"काय फुटतंय, जावय?"

अण्णांनी तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवून शेणानं सारवलेल्या जमिनीवर दोन अक्षरं काढली, एक नीट आणि एक मोडलेलं. अव्वानं वाकून बघितलं. वाचता येत नसलं तरी मोडलेलं कुठलं ते तिनं बरोबर दाखवलं. "ह्येचा हात निखळलाय."

"व्हय. म्हणून तुमाला दुसरा शब्द मागायला आलोय."

मग त्यांनी एकेक शब्द विचारला. 'दऱ्याखोऱ्यांतला गाव' म्हटल्यावर ती थोडा वेळ समोरच्या डोंगराकडं बघत बसली आणि म्हणाली, "डोंगराच्या पोटातला, असं लिव्हा." झऱ्याच्या पाण्याला ती 'वाहतं पाणी' म्हणाली. 'खऱ्या कंदा'चं विचारल्यावर "खायाचा कंद म्हणा, खरा-खोटा कुठला आलाय" असं म्हणाली. अण्णा लिहीत होते आणि मधूनच मान हलवत होते.

मग कडू कंदाचं पान आलं. हा कंद चवीला नव्हे, पोटाला कडू. नीट धुतल्याशिवाय खाल्ला तर माणूस वाचत नाही, असं अव्वानं सांगितलं होतं. चकत्या करून टोपलीत घालून वाहत्या पाण्यात ठेवायच्या. "तुमी 'तिसऱ्या दिशी काढायचा' म्हणालाय," अण्णा म्हणाले. "ते दुसरं कसं सांगाल?"

"तिसऱ्या दिशीच. आणि कसं?"

"ते फुटतंय."

अव्वा जरा विचार करून म्हणाली, "तीन राती पाण्यात ठेवायला पायजे. तीन राती झाल्या की सकाळी काढायचा."

अण्णांचं पेन थांबलं. माझ्याकडं वळून ते हळूच म्हणाले, "बाई, हे आमी आदीच विचारायला पायजे हुतं. आज ठेवला आणि तिसऱ्या दिवशी काढला तर दोनच राती हुतात की." मलाही ते तेव्हाच कळलं. पाच वेळा तपासलेल्या प्रुफात ती चूक तशीच राहिली होती, कारण शब्दात चूक नव्हतीच.

कागदावर शेवटी एकच शब्द उरला. अण्णांनी तो मुद्दाम शेवटी ठेवला होता.

हऱ्या हा अव्वाचा पाठचा भाऊ. लाकूडतोडीच्या कामाला जायचा, अंगानं दांडगा. एका पावसाळ्यात घरात धान्य संपलं होतं आणि हऱ्या भुकेला आला. अव्वानं कडू कंदाची टोपली एक रात्र आधीच पाण्यातनं काढली आणि कंद उकडून त्याला वाढला. तो वाचला नाही. हे तिनं आपणहून सांगितलं होतं, आवाज न बदलता, मी लिहून घेत असताना. आणि सांगून झाल्यावर म्हणाली होती, "हे लिव्हा. न्हाईतर बाया ऐकायच्या न्हाईत."

"अव्वा," अण्णा म्हणाले, "हऱ्याचं नाव पण फुटतंय."

तिनं सोलं चाळायचं थांबवलं.

"हरी म्हटलं तर?"

"त्येचं नाव हरी न्हवतं."

"फोनात नीट दिसंल."

"आमच्या आयनं हऱ्या ठेवलं. हऱ्या म्हणूनच हाक मारली. उचलून नेला तवाबी मी हऱ्याच म्हटलं." तिनं पुन्हा सोलांत हात घातला. "बाकी सगळं बदला, जावय. मी कुठं न्हाई म्हणतीया? त्येवढं नगं."

अण्णांनी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि ते उठले. पायवाटेनं आम्ही खाली आलो. व्हाळाच्या साकवावर, ओढ्यावरच्या त्या अरुंद पुलावर, थांबून त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी त्याआधी कधी सांगितली नव्हती.

छापखान्यात असताना बाराव्या-तेराव्याची कार्डं त्यांच्याकडं येत. एकदा खानापूरकडचा एक माणूस तरुण मुलाच्या तेराव्याची कार्डं छापून घेऊन गेला. मुलाचं नाव शंकर. दुसऱ्या दिवशी तो गठ्ठा घेऊन परत आला. कार्डांवर 'शकर' छापलं होतं. प्रूफ अण्णांनी पाहिलं होतं. मालक पुढं आला, कार्डं परत छापून देतो म्हणाला. तो माणूस म्हणाला, एवढा वेळ नाही, संध्याकाळच्या गाडीनं गावी नेऊन वाटायची आहेत. रागावला नाही. अण्णांकडं बघून इतकंच म्हणाला, "टिंब पडलं व्हय? पेन द्या."

"मी बी पेन घेतलं," अण्णा म्हणाले. "दीडशे कार्डं हुती. आमी दोगं समोरासमोर बसलो आणि एकेका कार्डावर टिंब दिलं. शेवटच्या कार्डावर त्याचा हात थांबला. ते त्यानं मला दिलं. म्हणाला, ह्येला तुमी द्या." साकवाच्या कठड्यावर त्यांनी पाचही बोटं टेकली होती. "तवापासनं मी उलटं वाचतो, बाई."

त्यानंतर आठवडाभर ते दिसले नाहीत. मग एका दुपारी आले आणि एक वही माझ्यासमोर ठेवली. पानंच्या पानं एकच शब्द लिहिलेला होता, टाकानं, काळ्या शाईत: हऱ्या. कुठं 'ह'चं पोट मोठं झालेलं, कुठं 'ऱ्या'चा हात थरथरलेला. अण्णांच्या डोळ्यांत तेव्हाच काहीतरी बिघडत चाललं होतं. कडेचं दिसत नाही म्हणायचे. शेवटच्या पानावर एका शब्दाभोवती त्यांनी पेन्सिलनं चौकट केली होती.

"ह्येचा फोटो काढा. फोटो फुटत न्हाई असं तुमीच म्हणाला. सगळं पुस्तक अक्षरात ऱ्हाऊ दे, एवढं नाव फोटोत."

मला हे सुचलं नव्हतं. मी फोटो काढला, कडा कापल्या आणि पुस्तकात जिथं जिथं ते नाव होतं तिथं ते चित्र बसवलं. 'ला', 'नं', 'चा' हे प्रत्यय चित्राला लागून अक्षरांत. अण्णा पुन्हा वही घेऊन बाहेर पडले. अणशीला जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरपासून बाजारकुणंगच्या पिठाच्या गिरणीवाल्यापर्यंत, जिथं म्हणून जुना-नवा फोन होता तिथं जाऊन आले. सगळीकडं नाव शाबूत होतं. काही फोनांत ते ओळीपेक्षा किंचित वर बसत होतं. मी म्हटलं, "बघते काही करता येतं का."

"बसू दे वर," अण्णा म्हणाले. "गेलेला माणूस हाय."

पावसाच्या आधी मंडळाच्या बायका शाळेच्या वऱ्हांड्यात जमल्या आणि त्यांच्यातल्याच एकीनं आपल्या फोनवर पुस्तक वाचलं. समारंभ असा नव्हता, चहा होता. शेवंतीअव्वा भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होती. कडू कंदाचं पान झाल्यावर तिनं हात पुढं केला. वाचणारीनं फोन तिच्या हातात दिला.

"कुठलं?" तिनं विचारलं.

अण्णा तिच्या शेजारी जाऊन बसले आणि बोट ठेवलं. बाकीची अक्षरं ठोकळ्यासारखी सारखी होती आणि त्यांत ते एक हाताचं, शाईचं. वाचता येत नसलं तरी ते वेगळं दिसत होतं. अव्वानं फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"कुणी लिव्हलं?"

"मी, अव्वा."

"बरं लिव्हलंय," ती म्हणाली आणि फोन परत दिला. पदरानं तोंड पुसून ती उठली आणि चहाचे पेले गोळा करायला लागली. तिला कुणी करू नको म्हटलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात बाजारकुणंगकडच्या एका सुनेनं मंडळाला निरोप पाठवला. घरातली माणसं टोपली दोन रातींनीच काढायला निघाली होती. तिनं फोन उघडून सासूला वाचून दाखवलं आणि टोपली आणखी एक रात्र पाण्यात राहिली. निरोप एवढाच होता. मी तो अण्णांना सांगितला तेव्हा त्यांनी मला तो दुसऱ्यांदा सांगायला लावला.

अव्वा त्यानंतर दोन वर्षांनी गेली. लोकांचे फोन बदलले, ॲपही बदलली आणि आता बहुतेक फोनांत 'दऱ्या' नीट दिसू लागल्या. मी अण्णांना विचारलं होतं, "अव्वाचे पहिले शब्द परत घालू या का?" ते म्हणाले, "नगं. हे पण तिनंच दिलेत, विचार करून दिलेत. आता विचारायचं कुणाला?"

तोवर त्यांचे डोळे बरेच गेले होते. मधलं तेवढं दिसायचं, नळीतून बघितल्यासारखं. मग तेही अंधूक झालं. पट्टी ठेवायची तर ती कुठल्या ओळीवर ठेवली ते कळेना. मुलगी येऊन त्यांना बेळगावला घेऊन गेली. माझीही बदली रामनगरकडं झाली. अधूनमधून त्यांचा फोन यायचा. मुलीनं त्यांना फोन मोठ्यानं वाचून दाखवतो ते शिकवलं होतं. वर्तमानपत्र आणि अव्वाचं पुस्तक तसं ऐकतो म्हणाले. मग एकदा सकाळीच फोन आला.

"बाई, फोन हऱ्याचं नाव घेत न्हाई."

मला क्षणभर कळलं नाही. मग लक्षात आलं. फोन अक्षरं वाचतो, चित्र वाचत नाही. सगळ्या फोनांत शाबूत दिसावं म्हणून आम्ही जे केलं होतं, त्यामुळंच बोलणाऱ्या फोनाला तिथं काही नव्हतंच. मी सांगितलं की चित्राच्या पोटात नाव अक्षरांत लिहून ठेवता येतं. दिसत नाही, पण फोन ते म्हणतो. तशी नवी फाइल करून पाठवली. दोन दिवसांनी पुन्हा फोन.

"हर्र्या म्हणतंय. कुणाला बोलावतंय कुणास ठाऊक. काढा ते."

"मग फोन तिथं गप्पच राहील, अण्णा."

"ऱ्हाऊ दे."

मी ते काढून जुनीच फाइल पाठवली. त्यानंतर दिवाळीच्या सुट्टीत त्यांना भेटायला गेले. मुलीचं घर तिसऱ्या मजल्यावर. अण्णा गॅलरीत खुर्चीवर बसले होते, खूप वाळले होते, पण शर्टाच्या खिशात दोन्ही पेनं होती. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. वाडीतल्या एकेका घराची चौकशी केली, अव्वाच्या घरात आता कोण राहतं ते विचारलं. माझ्या शाळेच्या भिंतीवर काय काय लिहिलं आहे तेही विचारलं. मी आठवून सांगितलं, त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. तासाभरानं त्यांना थकवा आला असं वाटलं म्हणून मी उठले.

"या हो, बाई," ते म्हणाले आणि मांडीवरचा फोन चाचपून त्यांनी सुरू केला.

मी दाराशी चपला घालत होते. आत फोनाचा सपाट बायकी आवाज सुरू झाला. कंदाच्या चकत्या, टोपली, तीन राती. मुलगी मला थांबा म्हणाली, जिन्यातला दिवा लावायला आत गेली. गॅलरीच्या दारातून मला अण्णांची पाठ दिसत होती. ते किंचित पुढं वाकून ऐकत होते.

"दोन रातींतच मी कंद काढला आणि," फोन म्हणाला आणि थबकला.

"हऱ्या," अण्णा म्हणाले, हळू, पण अगदी स्वच्छ.

"ला वाढला," फोन पुढं वाचू लागला.